जनरल जगन्नाथराव भोसले

खानापूरहून बेळगावच्या कॅम्पात गेलं, मराठा रेजिमेंटची पोरं कवायत करताना दिसली, की मला जगन्नाथराव भोसले आठवतात. जन्म 1906 चा, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचा. सँडहर्स्टला शिकून ते याच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. 1942 मध्ये सिंगापूर पडलं. पुढं ते आझाद हिंद सेनेत गेले, नेताजींच्या सरकारात मंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर मात्र या सेनेतल्यांना फौजेत परत घेतलं नाही. मग 1952 ला काँग्रेसचे खासदार, पुनर्वसन उपमंत्री. मला आवडतात ते हे भोसले. फाळणीत उठून आलेल्यांची पोरं दिल्लीत बघून त्यांनी 1954 मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना काढली. शिस्त म्हटलं की आम्ही नाक मुरडतो. पण घरदार गेलेल्या पोरांना रांगेत आपली अशी एक जागा मिळाली. 1963 मध्ये ते वारले, तोवर ती कवायत दिल्लीबाहेरच्या शाळांतही पोचली होती.