नायिकांचा दिग्दर्शक

इटालियन चित्रपटांचा विषय निघाला की फेलिनी, डी सिका ही नावे हमखास घेतली जातात. आंतोनिओ पिएत्रांजेली यांचे नाव मात्र मागेच राहते. १९१९मध्ये रोम येथे जन्मलेल्या पिएत्रांजेली यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. ओढा मात्र चित्रपटांचा. समीक्षक म्हणून लेखन करतानाच व्हिस्कोंती यांच्या ‘ओस्सेसिओने’ (१९४३) या चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा सहभाग होता.

दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी एकट्या पडलेल्या स्त्रियांची दुःखे पडद्यावर आणली. १९५३च्या पहिल्याच चित्रपटाची नायिका होती खेड्यातून रोममध्ये आलेली मोलकरीण. १९५८च्या कायद्याने इटलीतील कुंटणखाने बंद झाले. त्यानंतर खाणावळ काढून नवे आयुष्य उभारू पाहणाऱ्या चौघींची कथा त्यांनी १९६०मध्ये ‘आदुआ ए ले कोम्पान्ये’त मांडली. ‘इओ ला कोनोशेव्हो बेने’ (१९६५) हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. चित्रपटतारका होण्याचे स्वप्न पाहणारी आद्रियाना अनेकांच्या सहवासात राहूनही कुणालाच कळत नाही आणि अखेर जीवन संपवते. या चित्रपटासाठी १९६६मध्ये दिग्दर्शन व पटकथेचे ‘नास्त्रो दार्जेंतो’ पुरस्कार मिळाले.

पुढची वाटचाल मात्र अल्पजीवी ठरली. जुलै १९६८मध्ये गाएता येथे चित्रीकरणादरम्यान समुद्रात बुडून वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपुरा राहिलेला चित्रपट व्हालेरिओ झुर्लिनी यांनी पूर्ण केला.