हुडिनी आणि आईचे पत्र

बेड्या, साखळदंड, कुलूपबंद पेट्या यांतून बघता बघता बाहेर येणारा जादूगार म्हणून हॅरी हुडिनी सर्वांना ठाऊक आहे. खरे नाव एरिक वाइस. जन्म १८७४ चा, बुडापेस्टचा. वडील ज्यू धर्मगुरू. तो चार वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आले. घरी गरिबी. तरुणपणी पोटासाठी पत्नी बेसच्या साथीने त्याने मृतात्म्यांना बोलावण्याचे खोटे प्रयोगही केले. गावात उतरताच दफनभूमीत जायचे, थडग्यांवरची नावे टिपायची आणि रात्री तीच आत्म्याच्या तोंडून वदवायची! नऊ गोष्टी चुकल्या तरी दहावी जुळली की माणूस तेवढीच घरी घेऊन जातो. पुढे या उद्योगाची त्याला लाज वाटली.

१९१३ साली, तो कोपनहेगनला असताना, आई वारल्याची तार आली. मातृभक्त हुडिनी कोसळला. आईचा एक शब्द तरी कानी पडावा म्हणून तो माध्यमांच्या दारी जाऊ लागला. पण हातचलाखी जाणणाऱ्याला फसवणार कोण?

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल त्याचे स्नेही. १९१८ मध्ये पुत्र गमावलेले डॉइल परलोकविद्येचे कट्टर पुरस्कर्ते होते. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत लेडी डॉइल यांनी, अंगात आल्याप्रमाणे, भराभर पाने लिहिली. हुडिनीच्या आईचे पत्र म्हणे! पत्र इंग्रजीत, माथ्यावर क्रूस. आता धर्मगुरूची ही ज्यू पत्नी क्रूस कशाला काढील? आणि तिला इंग्रजी धड येत नव्हते. मैत्री पुढे तुटली. तरीही डॉइल अखेरपर्यंत मानत राहिले की, हुडिनीच्याच अंगी अतींद्रिय शक्ती आहे! परीक्षेपूर्वी वाटी फिरवून प्लँचेट करणाऱ्या मित्रांना हसताना हे आठवावे.

१९२४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या समितीत बसून त्याने बोस्टनच्या 'मार्जरी'ची परीक्षा घेतली. दिवसभर पोटरीला घट्ट पट्टी बांधून त्याने पाय हुळहुळा करून ठेवला होता. अंधारात तिचा पाय घंटीच्या पेटीकडे सरकताना कळला, असे त्याने नोंदवले. अडीच हजार डॉलरचे बक्षीस तिला मिळाले नाही.

३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याचे निधन झाले. आत्मा उरलाच, तर ओळख पटावी म्हणून त्याने बेसशी एक गुप्त खूण ठरवली होती. दहा वर्षे ती पुण्यतिथीला वाट पाहत राहिली. १९३६ साली हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. कोणी आले नाही. त्याच्या तसबिरीपाशी तेवणारा दिवा तिने मालवला.