माणशी पाणी वाटणारे विलासराव साळुंखे

१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती. पुण्यात स्वतःचा कारखाना असलेले इंजिनिअर विलासराव साळुंखे यांनी ते पाहिलं. एवढे हात खडी फोडण्यापेक्षा पाणी अडवायला का लावू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला.

नायगावात देवस्थानची ४० एकर माळरान जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगाला विहीर घेतली. माळावर पीक डोलायला लागलं तेव्हा कुठे लोकांना पटलं.

पण पाणी अडवणं एकवेळ सोपं, वाटणं अवघड. भाऊभाऊसुद्धा पाळीवरून भांडतात! विलासरावांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही, माणसावर मोजलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनीच उचलायचा.

आणि ऊस लावायचा नाही. पाऊस हुकला की उसाला पाणी पुरवता पुरवता बाकीच्यांची ज्वारी वाळते, हा साधा हिशेब. तरी ही अट पुष्कळांना झोंबली. साखर कारखान्यांच्या मुलखात असं बोलायला छाती लागते.

२००२ मध्ये विलासराव गेले. पुढे काही योजना बंदही पडल्या. माणशी पाण्याचा प्रश्न मात्र अजून गावोगाव तसाच उभा आहे.