डॉक्टर जॉन स्नो
डॉक्टर जॉन स्नो यांचा जन्म इ. स. १८१३ साली इंग्लंडातील यॉर्क शहरी एका मजुराच्या घरी झाला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने हा रोग होतो, असे बहुतेक वैद्य मानीत. स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी घेऊन घरोघर चौकशी केली, तो बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत असत असे आढळले. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. तेथील पाळक हेन्री व्हाइटहेड यांस हे प्रथम पटेना. परंतु स्वतः विचारपूस केल्यावर तेच स्नो यांचे साक्षी झाले. जवळच्या शौचकूपातील मैला विहिरीत झिरपत होता. १८५८ साली स्नो निवर्तले, तेव्हाही पुष्कळांस त्यांचे म्हणणे मान्य नव्हते. वाचकहो, निवळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही.