शेजाऱ्याचे देणे फेडणारा जनरल

वाचकहो, बलाढ्य शेजारी असणे घराला काय नि देशाला काय, सोपे नसते. भांडावे तर बळ नाही, गप्प बसावे तर हक्क जातो. या पेचातून वाट काढणाऱ्या एका गृहस्थांची ओळख आम्ही आज करून देत आहोत. ते म्हणजे मेक्सिकोचे जनरल लाझारो कार्देनास.

त्यांचा जन्म २१ मे १८९५ रोजी मिचोआकान प्रांतातील हिकिल्पान गावी झाला. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. वडील लवकर वारले; पोरवयातच छापखान्यात काम करून घराला हातभार लावावा लागला. १९१३ मध्ये ते क्रांतिसेनेत शिरले आणि पंचविसाव्या वर्षी जनरल झाले.

मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख, टेक्सास धरून, १८४८ पर्यंत अमेरिकेने घेतला होता. जमिनीखालचे तेल राष्ट्राचे, असे १९१७ च्या राज्यघटनेने ठरवले. पण ते उपसत होत्या अमेरिकन व ब्रिटिश कंपन्या. १९२५ ते १९२८ या काळात तांपिकोजवळच्या तेलमुलखात लष्करी अधिकारी असताना कार्देनास यांनी त्यांचा तोरा जवळून पाहिला.

१९३४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. आपला पगार त्यांनी निम्मा केला, किल्ल्यातले निवासस्थान सोडले आणि सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांना वाटली. १९३७ मध्ये तेलकामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांनी तो मानला नाही. तेव्हा १८ मार्च १९३८ च्या रात्री कार्देनास यांनी रेडिओवरून तेलधंदा सरकारजमा केल्याचे जाहीर केले आणि भरपाई देण्याचेही कबूल केले. राजधानीत बायाबापड्यांनी दागिने आणून दिले, कोणी कोंबड्या आणल्या. रक्कम फार जमली नाही. पण देणे फेडायचे, हे घरोघर समजले.

पुढचे दिवस कठीण गेले. ब्रिटनशी संबंध तुटले, कंपन्यांनी बहिष्कार घातला, पेसो घसरला. गिऱ्हाईक मिळेना म्हणून जर्मनी व इटलीला तेल विकावे लागले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा राष्ट्रसंघात निषेध नोंदवणाऱ्या मेक्सिकोवरच ही पाळी यावी, याचे आम्हाला वाईट वाटते.

अमेरिकेने मात्र सैन्य पाठवले नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे सलोख्याचे धोरण होते, आणि युद्धाचे ढग जमत असताना दाराशी वैर त्यांना नको होते. १९४२ मध्ये बहुतेक अमेरिकन कंपन्यांची भरपाई सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरली. ब्रिटिशांशी तडजोड १९४७ मध्ये झाली.

१९४० मध्ये मुदत संपताच कार्देनास यांनी खुर्ची सोडली. १९ ऑक्टोबर १९७० रोजी ते वारले. आपला माल परत घेताना त्यांनी देणे बुडवले नाही, म्हणून शेजाऱ्याला दार फोडायला निमित्त मिळाले नाही. दुबळ्याने हे ध्यानात ठेवावे, असे आम्हाला वाटते.