चार डॉलरांचा डॉक्टर

माझ्या गाण्याच्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी येते. तालमीपूर्वी ती बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहते आणि मग निमूटपणे तंबोऱ्याजवळ बसते. तिला पाहिले की मला डॉ. फ्रेडरिक बँटिंग आठवतात.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडात, ॲलिस्टनजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. आपला बालदिनही त्याच तारखेचा. निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले. १९२० साली लंडन येथे (हे कॅनडातले, विलायतेतले नव्हे) त्यांनी दवाखाना थाटला, तर पहिल्या महिन्याची मिळकत अवघी ४ डॉलर! म्हणून जोडीला शिकवण्याचे काम धरले. व्याख्यानाच्या तयारीसाठी ३१ ऑक्टोबरच्या रात्री स्वादुपिंडावरील एक लेख वाचताना त्यांना कल्पना सुचली. शिकवता शिकवताच सुचते, हे आम्हां मास्तरांना पटावे.

टोरोंटोच्या प्रा. मॅक्लाउड यांनी त्यांना प्रयोगशाळा, कुत्री आणि बेस्ट हा तरुण मदतनीस दिला. १९२१ चा उन्हाळा प्रयोगांत गेला.

मधुमेही मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून मरण थोडे लांबवायचे, एवढाच त्या काळी उपाय. लेनर्ड थॉमसन १४ वर्षांचा होता आणि वजन ६५ पौंड. ११ जानेवारी १९२२ रोजी टोचलेल्या अर्काने फारसे साधले नाही. कॉलिप या रसायनज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून मुलगा सावरू लागला. तो आणखी १३ वर्षे जगला. आईबापांनी ती वर्षे कशी मोजली असतील!

१९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बेस्टला वगळल्याने बँटिंग संतापले आणि आपल्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्याला दिला. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. बिदागी गवयाला आणि साथीदाराला नुसती शाबासकी, हे पाहिलेले आहे. पेटंटवर तर बँटिंगनी स्वतःचे नाव घालूच दिले नाही. सहकाऱ्यांनी ते विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिले.

२१ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये विमान कोसळून ते वारले, वय ४९. इन्शुलिनने रोग जात नाही, हे त्यांनी कधी लपवले नाही.

माझ्या डबीत खडीसाखरेशेजारी आता ग्लुकोजची पुडीही असते. मुलीचा हात थरथरला की तालीम थांबते.