एका बाटलीमुळे हाफकिन यांचं पद गेलं, त्याच हाफकिन यांच्या नावाने आज परळमध्ये संस्था आहे

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना नवीन नाही. पण ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका ठेवून त्यांना याच जागेवरून हटवलं होतं, हे अनेकांना माहीत नसतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसामधल्या ज्यू कुटुंबातला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू केलं. काही महिन्यांतच, १० जानेवारी १८९७ रोजी, प्लेगच्या लसीची पहिली सुईही त्यांनी स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. मागणी वाढली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. इथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

आणि मग मुलकोवाल घडलं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांत त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत कळलं, की हे १९ही जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काहीही झालं नव्हतं.

म्हणजे दोष लसीत नव्हता, त्या एका बाटलीत होता. पण ती बाटली दूषित कुठे झाली? परळला भरताना की गावात उघडताना?

हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत एक बदल केला होता. कार्बोलिक ॲसिड टाळून ते उष्णतेने निर्जंतुकीकरण करत होते. चौकशी आयोगाने दोष परळच्या माथी मारला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

पण कागदपत्रं नीट तपासल्यावर वेगळंच चित्र दिसलं. बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्यात परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

आज लसीच्या प्रत्येक कुपीवर बॅच नंबर असतो. भारतात लसीची बॅच बाजारात येण्याआधी कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेत तपासली जाते. एकाच बॅचच्या कुप्या अनेक ठिकाणी जातात. त्रास एकाच ठिकाणी झाला तर शंका साठवणुकीवर किंवा टोचण्याच्या पद्धतीवर जाते, आणि सगळीकडे झाला तर बॅचवर.

त्यामुळे पुढच्या वेळी लसीने माणसं दगावल्याचा मेसेज आला, तर तो फॉरवर्ड करण्याआधी विचारा: कुठली बॅच, आणि तीच बॅच घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं?